शस्त्र न उचलणारा वीर
(संगणकावरील खेळांतील अहिंसेचा एक अभ्यास)

खेळ हा मनुष्याचा फार जुना गुरु आहे. बुद्धिबळाच्या पटावर राजा, वजीर, उंट, हत्ती आणि प्यादीं मांडून माणसानें युद्धाचे डावपेंच गिरविले. सोंगट्यांच्या पटावर दैव व पुरुषार्थ यांची झुंज पाहिली. जो खेळाचे नियम घालतो तो खेळणाऱ्याच्या मनालाहि नकळत एक वळण लावीत असतो. आजकाल पटाच्या जोडीला संगणकाचा पडदा आला आहे, आणि त्या पडद्यावर पर्वत, अरण्यें, नगरें व राजवाडे यांनीं भरलेलीं काल्पनिक राज्यें उभीं राहतात. या राज्यांत शिरणाऱ्याच्या हातीं बहुधा पहिल्या घटकेंतच तरवार दिली जाते. ती तरवार खालीं ठेवून त्या राज्यांत राहतां येईल काय, असा प्रश्न कांहीं विचारी खेळाडूंनीं स्वतःस विचारला आणि त्याच्या उत्तरासाठीं मोठ्या चिकाटीनें प्रयोग केले. त्या प्रयोगांतून काय निष्पन्न झालें याचा थोडा विचार या पाठांत करावयाचा आहे. हा विषय केवळ करमणुकीचा नाहीं. ज्या जगाची रचनाच लढाईवर झाली आहे त्यांत न मारण्याचा नेम कसा पाळावा, हा प्रश्न पडद्याबाहेरहि माणसाला सुटलेला नाहीं.

हीं जगें कशीं असतात

ज्या खेळांत खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्याचें नांव, रूप, गुण व उद्योग स्वतः ठरवितो, त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यांपैकीं ज्यांत वाटेल त्या दिशेनें जावें, वाटेल त्या गांवीं मुक्काम करावा, वाटेल तें काम हातीं घ्यावें अशी मोकळीक असते, त्यांना ओपन-वर्ल्ड म्हणजे मुक्त जगाचे खेळ असें नांव आहे. या सर्वांचा मूळपुरुष म्हणजे इ. स. १९७४ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजाभोंवतीं बसून खेळावयाचा खेळ होय. तो स्वतः युद्धपटाच्या खेळांतून निघाला होता. त्यांत राक्षस मारले व धन मिळविलें म्हणजे अनुभवाचे गुण मिळत, आणि ते गुण सांचले म्हणजे पात्राची पायरी वाढे. वंशजांनीं हा वारसा उचलला. त्यामुळें पुष्कळशा खेळांत 'अनुभव' या सुंदर शब्दाचा अर्थ 'किती मारले' इतकाच उरला. अहिंसक खेळाडूची पहिली अडचण हीच आहे. जेथें वाढीचा मार्ग वधांतून जातो, तेथें न मारणारा वाढणार कसा?

सद्गुणांची परीक्षा

या प्रश्नाकडे खेळ रचणाऱ्यांचें लक्ष गेलें नाहीं असें मात्र नाहीं. इ. स. १९८५ मध्यें रिचर्ड गॅरियट यांनीं 'अल्टिमा ४' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या आधींच्या खेळांत खेळाडू विजयाच्या घाईंत निरपराध गांवकऱ्यांना मारीत, दुकानें लुटीत आणि शेवटीं वीर म्हणून मिरवीत. हें गॅरियट यांना खटकलें. म्हणून नव्या खेळांत त्यांनीं शेवटचा दुष्ट राजा किंवा राक्षस ठेवलाच नाहीं. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ सद्गुणांत पूर्णता मिळविणें हेंच त्या खेळाचें साध्य ठरविलें.

यांतील एक योजना फार मार्मिक आहे. जडीबुटी विकणारी दुकानदारीण आंधळी असते. तिनें मागितलेल्या किंमतीपेक्षां कमी नाणीं देऊन खेळाडू माल घेऊन जाऊं शकतो. कोणी त्याला पकडीत नाहीं. परंतु खेळ ती गोष्ट मनांत ठेवतो, आणि प्रामाणिकपणाच्या खात्यांतून त्याचें पुण्य गुपचुप कमी होतें. भिकाऱ्याला दान दिल्यास करुणा वाढते. जे प्राणी स्वभावतः दुष्ट नाहींत, केवळ भुकेनें किंवा भयानें अंगावर येतात, त्यांना पळून जाऊं देणें हेंहि येथें सत्कृत्य मानलें आहे. हा खेळ संपूर्ण अहिंसक नाहीं. त्यांतील गुहांत लढावें लागतें, आणि खऱ्या दुष्टांपुढून पळ काढल्यास शौर्यांत उणेपणा येतो. तथापि 'कोणाला मारलें' यापेक्षां 'कोणाला सोडलें' याचीहि नोंद ठेवणारा खेळ निघाला, ही गोष्ट लहान नव्हे.

भाषेचें सामर्थ्य

इ. स. १९९६ मध्यें 'द एल्डर स्क्रोल्स' या मालेंतील दुसरा खेळ 'डॅगरफॉल' बाहेर आला. त्यांत तरवार, धनुष्य, मंत्र इत्यादि विद्यांच्या जोडीला नऊ भाषा शिकण्याची सोय होती. ऑर्क लोकांची भाषा, राक्षसांची भाषा, पंख असलेल्या हार्पींची भाषा अशा त्या होत्या. ज्याला त्या प्राण्याची भाषा अवगत असेल त्याच्यावर तो प्राणी कित्येकदां हल्लाच करीत नसे. समोरासमोर येऊनहि शांत राही. बहुतेक खेळाडूंना या विद्या निरुपयोगी वाटत, कारण तरवारीचा घाव लवकर फळ देतो आणि भाषा सावकाश. पण विचार करा, या लहानशा नियमांत केवढा बोध सांठविला आहे! ज्याला आपण 'राक्षस' म्हणतों त्याच्या तोंडीं भाषा आहे हें एकदां मान्य केलें कीं त्याच्याशीं लढण्याशिवाय दुसराहि एक व्यवहार संभवतो. शाळेंत परभाषेचें व्याकरण घोकतांना ज्यांना कंटाळा येतो त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

स्कायरिममधील निःशस्त्र प्रवासी

आतां आपल्या विषयाच्या मुख्य उदाहरणाकडे वळूं. त्याच मालेंतील पांचवा खेळ 'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ रोजीं प्रसिद्ध झाला. बर्फाळ पर्वतांचा एक प्रांत, त्यांत साम्राज्य व बंडखोर यांच्यामध्यें पेटलेलें यादवी युद्ध, आणि आकाशांत पुन्हां प्रकट झालेले ड्रॅगन, अशी त्याची पार्श्वभूमि आहे. खेळाडूच्या पात्राला 'ड्रॅगनबॉर्न' म्हणतात आणि ड्रॅगनांचा नाश करणें हें त्याचें कार्य म्हणून सांगितलें जातें. अशा खेळांत कोणी अहिंसाव्रत घेईल ही कल्पनाहि प्रथम हास्यास्पद वाटते. तरीहि अनेकांनीं तें घेतलें, आणि त्यांतील एकाचा 'फेलिक्स' नांवाचा शांतिप्रिय संन्यासी तर खेळाडूंत पुष्कळ प्रसिद्धि पावला.

हें शक्य झालें याचें कारण खेळाच्या घडणींत आहे. स्कायरिममध्यें शत्रु मारल्याबद्दल म्हणून वेगळे गुण मिळत नाहींत. त्यांत अठरा विद्या आहेत. जी विद्या वापरावी ती वाढते, आणि विद्या वाढल्या कीं पात्राची पायरी वाढते. म्हणून लोहारकाम करणारा, औषधी कुटणारा, भाव ठरवून देवघेव करणारा किंवा जखमा बऱ्या करणारा मनुष्यहि उच्च पायरीला पोंचूं शकतो. संकटकाळासाठीं मोहिनीविद्या आहे. तिच्यांतील शांतिमंत्रानें नवव्या पायरीपर्यंतचा मनुष्य किंवा पशु ३० सेकंदपर्यंत लढत नाहीं. आवाज न होऊं देणारे व अदृश्य करणारे मंत्रहि तिच्यांतच आहेत. ३० सेकंद म्हणजे फार थोडा वेळ. तेवढ्यांत वाट काढून निघून जावें लागतें, आणि मंत्र टाकल्यावर आपणच प्रहार केला तर शांति तत्काळ मोडते. या मार्गानें जाणाऱ्यास प्रत्येक दरी, प्रत्येक दार आणि पहारेकऱ्याची प्रत्येक फेरी नीट पाहावी लागते. जो मारीत सुटतो त्याला जग पाहण्याची गरज फारशी पडत नाहीं. जो मारणार नाहीं त्याला तें पाहावेंच लागतें.

तीन कसोट्या

येथवर सर्व गोड वाटलें. परंतु नेम कठोरपणें तपासूं लागलों म्हणजे अडचणी दिसूं लागतात. आपल्याकडील योगशास्त्रानें हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली ती कृत, दुसऱ्याकडून करविलेली ती कारित, आणि दुसऱ्यानें केली असतां मान्य केलेली ती अनुमोदित. ही जुनी कसोटी या नव्या खेळाला लावून पाहूं.

कृत हिंसा टाळणें सोपें आहे. शस्त्र उचलूं नये म्हणजे झालें. कारित हिंसेचा प्रश्न बिकट आहे. स्कायरिममध्यें सोबती मिळतात, आणि ते खेळाडूच्या वतीनें लढतात. कोणी म्हणेल, 'मी तर हात जोडून उभा होतों. तरवार लिडियानें चालविली.' पण लिडियाला त्या गुहेंत नेलें कोणी? मोहिनीविद्येंत क्रोधमंत्रहि आहे. तो टाकला म्हणजे शत्रु एकमेकांवर तुटून पडतात. टाकणाऱ्याच्या हाताला रक्त लागत नाहीं, पण प्रेतें मात्र त्याच्याच इच्छेनें पडतात. खरा व्रतस्थ खेळाडू म्हणूनच सोबती घेत नाहीं आणि क्रोधमंत्रहि शिकत नाहीं.

अनुमोदित हिंसेचें उदाहरण तर फारच विलक्षण आहे. खेळांत 'काइनची शांति' नांवाची एक गर्जना आहे. ती केली असतां रानटी श्वापदें शांत होतात. अहिंसकाला याहून प्रिय विद्या कोणती? परंतु त्या गर्जनेचा प्रत्येक शब्द आत्मसात करण्यास एका ड्रॅगनचा आत्मा लागतो, आणि आत्मा मिळतो तो ड्रॅगन मेल्यावर. नगररक्षकांनीं ड्रॅगन मारला आणि आपण नुसते जवळ उभे असलों तरी तो आत्मा आपल्याकडे येतो. म्हणजे शांतीचा शब्द दुसऱ्यानें केलेल्या वधाच्या मोलानें विकत घ्यावयाचा! ज्यांचीं घरें, वस्त्रें व सुखसोई दूरच्या कोणाच्या कष्टांवर उभ्या आहेत, अशा आपणां सर्वांना हा प्रश्न थोडा टोंचल्याशिवाय राहणार नाहीं.

याखेरीज चौथी एक शंका उरते. मंत्रानें दुसऱ्याचें मन बळेंच शांत करणें ही अहिंसा म्हणावी काय? ज्याचा क्रोध त्याच्या संमतीवांचून काढून घेतला त्याचें हृदयपरिवर्तन झालें नाहीं. ३० सेकंदांनंतर तो पूर्ववत् शत्रूच असतो. महात्मा गांधींनीं जी अहिंसा शिकविली तिचा भर विरोधकाला दडपण्यावर नसून त्याला पटविण्यावर होता. या मापानें पाहतां शांतिमंत्र हा प्राण वांचविण्याचा उपाय आहे, मैत्रीचा नव्हे. डॅगरफॉलमधील भाषाविद्या त्याहून एक पायरी वर ठेवावी लागेल.

जखमा बऱ्या करण्याचा मार्गहि निर्दोष आहे असें नाहीं. एका पक्षाचे सैनिक बरे केले तर ते पुन्हां लढावयास जातात. तथापि इतिहासांत या मार्गाचें एक उज्ज्वल उदाहरण आहे. इ. स. १९४५ मध्यें ओकिनावा बेटावरील घनघोर लढाईंत डेस्मंड डॉस या अमेरिकन सैनिकी शुश्रूषकानें हातांत शस्त्र न घेतां सुमारें ७५ जखमी सैनिकांना उंच कड्यावरून खालीं उतरवून वांचविलें, आणि त्याच वर्षीं त्याला आपल्या देशाचें सर्वोच्च सैनिकी पदक मिळालें. जखमी मनुष्य बरा होऊन पुढें काय करील याचा हिशेब करीत तो कड्यावर थांबला नाहीं.

वृद्ध ड्रॅगनाची गोष्ट

स्कायरिमच्या मुख्य कथेंत अहिंसेचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो पार्थुर्नॅक्स या वृद्ध ड्रॅगनाच्या प्रसंगीं. पूर्वी तो आल्डुइन या क्रूर ड्रॅगनराजाचा हस्तक होता आणि त्यानें मानवांवर घोर अत्याचार केले होते. पुढें त्यानें राजाची बाजू सोडली, मानवांना वाणीची विद्या शिकविली, आणि पर्वतशिखरावर दीर्घ काळ ध्यान करून आपल्या हिंस्र स्वभावाला आंवरलें. तोच खेळाडूचा गुरु होतो. मग ब्लेड्स नांवाचा पंथ खेळाडूला सांगतो, 'त्याचे जुने अपराध अक्षम्य आहेत. त्याला ठार कर, नाहीं तर आमचें साह्य विसर.'

येथें दोन्ही बाजूंना वजन आहे. पश्चात्ताप केला म्हणून मेलेले परत येत नाहींत, हें खरें. पण जो स्वभावानें क्रूर असून रोज प्रयत्नानें सौम्य राहतो, त्याचें चांगुलपण जन्मतः सौम्य असणाऱ्याहून कमी मानावें काय? खेळ निर्णय देत नाहीं. खेळाडू नकार देऊं शकतो. मात्र नकार दिल्यावर काय होतें तें पाहा: कार्यांच्या यादींत 'पार्थुर्नॅक्सला मारा' ही ओळ तशीच अपुरी राहते. खेळाला फक्त केलेलें कृत्य खोडतां येतें. न केलेल्या कृत्याचा गौरव करण्यास त्याच्यापाशीं चिन्हच नाहीं.

याच कथेंत एक शांतिपरिषदहि येते. यादवींतील दोन्ही पक्षांचे नेते पर्वतावरील मठांत एका मेजाभोंवतीं बसतात आणि खेळाडू प्रांतांच्या अदलाबदलीचा वाद मिटवितो. ती संधि तात्पुरती असते. संकट टळलें कीं युद्धाची वाट पुन्हां मोकळी होते. आणि कथेच्या शेवटीं आल्डुइनशीं युद्ध ठेवलेलेंच आहे. तें टाळणाऱ्याला मुख्य कथा अर्धी सोडून द्यावी लागते. पुष्कळ व्रतस्थ खेळाडू ती तशी सोडतात.

दोन्ही पक्षांना नकार

कथा सोडून देण्याचें धैर्य किती दूर जाऊं शकतें याचें एक नमुनेदार उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या इ. स. २००४ मध्यें सुरू झालेल्या खेळांत सांपडतें. त्यांत सर्व जग दोन शत्रुपक्षांत विभागलेलें आहे. इ. स. २०१२ मध्यें त्यांत पांडारेन नांवाची अस्वलासारखी एक जात आली. ही पात्रें एका फिरत्या बेटावर जन्मतात आणि बेट सोडतांना त्यांना कोणता तरी एक पक्ष निवडावा लागतो. 'डबलएजंट' या नांवाच्या एका पात्रानें पक्ष निवडलाच नाहीं. तें त्या लहान बेटावरच राहिलें, वनस्पति खुडीत आणि खनिजें खणीत राहिलें. कारण त्या कामांचेहि थोडे गुण मिळतात. अशा रीतीनें, कण कण वेंचून, तें अत्युच्च पायरीपर्यंत चढलें. दुसरे ज्या मार्गानें थोड्या दिवसांत पोंचतात तेथें पोंचण्यास त्याला पुष्कळ पटींनीं अधिक काळ लागला.

पुढें इ. स. २०१५ मध्यें टोबी फॉक्स यांनीं 'अंडरटेल' हा खेळ काढला. तो मुक्त जगाचा नाहीं, परंतु त्यांत प्रत्येक शत्रूला न मारतां सोडण्याची वाट मुद्दाम ठेवली आहे, आणि कोणाला मारलें याची आठवण तो खेळ ठेवतो. 'अनुभव' या शब्दाची जी विटंबना झाली होती ती शेवटीं एका खेळानेंच उघडी केली. कारण त्यांतील अनुभवाचे गुण म्हणजे वधाचे गुण, असें तो शेवटीं स्पष्ट सांगतो.

निष्कर्ष

या सर्वांतून काय शिकावें? प्रथम, खेळांतील अहिंसेला अतिशय मोठें समजूं नये. पडद्यावर पात्र मेलें तर मागील नोंदीपासून खेळ पुन्हां सुरू करतां येतो. तेथें मरण्याचें भय नाहीं, म्हणून तेथील निर्भयतेला मोल थोडें. डॉसला तो कडा पुन्हां चढण्यासाठीं दुसरा जन्म ठेवलेला नव्हता. परंतु एका गुणाची परीक्षा पडद्यावरहि खरीच होते, आणि तो गुण म्हणजे धीर. वेळ खेळाडूचा खरा असतो, मोह खरा असतो, आणि कोणी पाहत नसतां नेम पाळण्याचा निश्चयहि खराच असतो. खेळानें मागितलेला नसतांना, बक्षिसाची आशा नसतांना, जो आपण होऊन नियम घालून घेतो व पाळतो, तो आपल्या मनावर राज्य करण्याचा थोडा अभ्यास करीत असतो.

दुसरें, नियमांकडे डोळे उघडे ठेवून पाहावें. खेळ म्हणतो, 'हा शत्रु आहे, मार.' अहिंसक खेळाडू विचारतो, 'हा शत्रु आहे असें कोणीं ठरविलें?' ही विचारण्याची संवय पडद्यापुढून उठल्यावरहि सुटूं नये. वर्गांत, मैदानावर, गांवांत, कोणाला 'त्यांच्यांतला' म्हणून बोट दाखविलें जाईल तेव्हां हाच प्रश्न कामीं येईल.

पालकांस एक विनंति आहे. स्कायरिमसारखे खेळ अमेरिकेंतील वर्गीकरणाप्रमाणें १७ वर्षांवरील वयासाठीं आहेत. लहान मुलांच्या हातीं ते देऊं नयेत, आणि मोठ्यांनींहि अभ्यास व झोंप यांचा बळी देऊन ते खेळूं नयेत. या पाठांतील विचार समजण्यास खेळ खेळण्याची मुळींच गरज नाहीं. पण मुलगा किंवा मुलगी एखादा खेळ खेळत असेल तर 'बंद कर' एवढेंच न म्हणतां, 'यांत कोणाला न मारतां जातां येतें का?' असें एकदां विचारून पाहावें. त्या प्रश्नावर घरांत जें बोलणें निघेल तें पुष्कळ उपदेशांहून अधिक उपयोगी पडेल.

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येकाच्या आयुष्याच्या यादींतहि अशा कांहीं ओळी येतात, ज्या पुऱ्या करण्यास सर्व जग सांगत असतें आणि ज्या अपुऱ्या ठेवणेंच योग्य असतें. त्यांच्यापुढें कोणी शाबासकीची खूण करणार नाहीं. त्या ओळी ओळखण्यास शिका.

मननासाठीं प्रश्न

१. कृत, कारित आणि अनुमोदित हिंसा यांचें प्रत्येकीं एक उदाहरण शाळेंतील जीवनांतून द्या.
२. शांतिमंत्र आणि भाषाविद्या यांपैकीं अहिंसेच्या अधिक जवळ कोणती? कां?
३. पार्थुर्नॅक्सच्या बाजूनें व विरुद्ध प्रत्येकीं दोन कारणें लिहा, आणि मग आपला निर्णय सांगा.
४. ज्या खेळांत कोणालाहि हरवावें लागत नाहीं असा एखादा खेळ स्वतः रचून त्याचे नियम लिहा.